आखाजीला चुकवलेल्या दोन गोळ्या

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाणारी लेक सासर अख्खं मागे टाकून निघते. मीही टाकलं. धुळ्याला निघताना दहा महिन्यांच्या बाळाची टोपडी, दुपटी, काजळाची डबी, सगळं आठवणीनं घेतलं आणि आठवड्याला घ्यायच्या गोळीचं पाकीट मात्र मुद्दाम सासरी, धरणगावच्या कपाटात ठेवलं. नवरा तिकडे, मी इकडे. मग गोळी कुणाच्या नावानं गिळायची? मोठी हुशार ना मी! बी.एड.ला शिकत होते.

गोळीचे दोन रविवार झोक्यावरच गेले. दहाव्या दिवशी जावईबापू घ्यायला हजर. "बाळाची फार आठवण येत होती," म्हणे. आईनं खापरावरचे मांडे नि आमरस वाढून त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. त्या दोन दिवसांत बाळाला त्यांनी अर्धा तासही उचललं नाही. गोळ्या धरणगावला आहेत हे मला आठवलं, पण तोवर उशीर झाला होता.

परत आल्यावर पाळीची तारीख उलटली. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. पहिल्या बाळंतपणात बी.एड.चं एक वर्ष बुडालं होतं. आता दुसरं राहिलं असतं तर शिक्षण कायमचं गुंडाळावं लागलं असतं. मी भांडी घासता घासता रडायचे आणि नवऱ्यावर उगाच खेकसायचे. बिचारा विचारायचा, "मी काय केलं?" काय सांगणार, कपाळ!

घरात कुणाला पत्ता नाही असं मला वाटत होतं. पण ते दिवस लोणच्याचे. आमच्याकडे पाळीतली बाई बरणीला हात लावत नाही, आणि मी महिनाभर कैऱ्या फोडण्यापासून बरणीला दादरा बांधण्यापर्यंत सगळीकडे पुढे. सासूबाईंना कॅलेंडर लागत नाही, बरणी पुरते.

"ह्या महिनामा तू बाजूले बठनी नही," फोडींना मीठ चोळत त्या म्हणाल्या. "बोल, पेढा का रडनं?"

"रडनं, आत्या," मी म्हणाले, आणि खरंच रडले.

त्यांनी हात धुतले, नवऱ्याला मेडिकलवर पिटाळलं. किटवर एकच रेघ आली. दोन दिवसांनी पाळीही आली. मी सुटले म्हणून देवापुढे साखर ठेवली, पण सासूबाई म्हणाल्या, दवाखान्यात चल.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, या गोळीनं पाळी कधीकधी लांबतेच. पण चुकवायची नसते, नवरा गावी असो नाहीतर चंद्रावर. मग त्यांनी एकेक सांगायला घेतलं आणि सासूबाई साडीच्या दुकानात बसल्यासारख्या मांडी घालून बसल्या. आणखी दाखवा! निरोध? "तो आमच्या पोऱ्यावर सोडता? त्याला दुधाची पिशवी आणायची आठवण राहत नाही." तीन महिन्यांचं इंजेक्शन? "हीच विसरेल, पुढची आखाजी आहेच." दंडात बसवायची बारीक काडी, तीनेक वर्षांची, ती त्या दवाखान्यात मिळत नव्हती. ऑपरेशन? "ते कायमचं. तिला पुढे हवं असलं तर?"

राहिली तांबी. एकदा बसवली की पाच-दहा वर्षं विसरून जायचं. पहिले काही महिने पोट दुखेल, अंगावरून जास्त जाईल, हेही सिस्टरनी लपवलं नाही. सासूबाईंनी नमुन्याला ठेवलेली हातात घेऊन उलटसुलट पाहिली, दोरा ओढून पाहिला.

"पाहिजे तव्हय काढता येस का?"

"येते. काढली की लगेच दिवस राहू शकतात."

मी म्हणाले, बसवा.

सासूबाईंनी ती खाली ठेवली नाही. "ही नवी निघनी का?"

"नवी कसली, आजी. कितीतरी वर्षं आहे."

"म्हणजे मनावेळे बी व्हती?"

"होती की."

सासूबाई सातवीला शाळेत पहिल्या आल्या होत्या. त्यांना मास्तरीण व्हायचं होतं. लग्न झालं नि आठ वर्षांत पाच लेकरं झाली. दर लोणच्याला ही गोष्ट निघायची आणि दर वेळी मी चिडवायचे, "आत्या, तो पहिला नंबर अजून किती वर्षं मुरवणार?" त्याही हसायच्या.

"मले कोनी सांगं नही," त्या म्हणाल्या, आणि तांबी सिस्टरच्या हातात दिली.

परतताना एस.टी.त त्यांनी बाळ मांडीवर घेतलं. माझं पोट दुखत होतं, तरी परीक्षा जवळ आलेली म्हणून मी पाठाची वही काढली. भूगोलाचा पाठ होता, पाचवीच्या वर्गावर घ्यायचा. सासूबाई वहीकडे बघत राहिल्या.

"काय लिखेल शे? जोरमा वाच."

मी वाचू लागले. धरणगाव येईपर्यंत त्यांनी मला दोनदा चूक दाखवली. मी एकदाही चिडवलं नाही.