टोपी राहिलेली कळी

गुलाबाची कळी वाटाण्याएवढी झाली की तिला जाळीची टोपी घालायची. मग ती वाढते, फुगते, पण उमलत नाही. बाजाराला तशीच लागते. तीस वर्षं पॉलिहाऊसची शेती शिकवताना हे मी किती जणांना दाखवलं असेल!

आज एका कळीला टोपी घालायची राहून गेली होती. फूल पुरतं उमललं होतं, मधला पिवळा पराग उघडा पडला होता. इतक्या वर्षांत असा गुलाब मी कधी निवांत बघितलाच नव्हता. बाहेर वारा सुटला होता. आत प्लास्टिकखाली पानही हलत नव्हतं.

"वाया गेलं ते, सर. काढू?" कात्री घेऊन आलेल्या शांताबाईंनी विचारलं.

मला म्हणायचं होतं, राहू द्या. तोंडातून सवयीनं निघालं, "काढा."