मुकादमाविना टोळी

उगाच कुणाची तारीफ करायची सवय मला नाही. नागापूरच्या एमआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप आहे. तिथल्या पोरांना विचारा, आप्पासाहेबाच्या तोंडून 'बरं झालं' एवढं ऐकायलाही नशीब लागतं. पण जयमाला मॅडमचा विषय निघाला की मला आवरता येत नाही!

ती मूळची पाथर्डीकडची. आईबाप, चांगुणाबाई आणि सहादू, दरसाल ऊसतोडीला जायचे आणि ही पोर फडाच्या कडेला पाचटात बसून अभ्यास करायची. शिकून इंजिनियर झाली, नगरजवळच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. अठ्ठ्याण्णव साली तिथल्या एका खोलीत तिने बारा रोबो बनवले. रोबो म्हणजे हातपायवाला राक्षस नव्हे हो! चपलेएवढ्या गाड्या, पुढे लोहचुंबक, वर दिवा. सगळ्यांनी मिळून फरशीवरचा लोखंडी कीस गोळा करायचा. पण कॉलेजच्या सेक्रेटरीसाहेबांना ती खोली सामान ठेवायला हवी होती. "खऱ्या वर्कशॉपात चालवून दाखवा, नाहीतर खोली सोडा," असं त्यांनी बजावलं. गाड्यांची चाकं ती माझ्याकडेच कातून घ्यायची. मी म्हटलं, माझं वर्कशॉप काय ओस पडलंय? या इकडे.

साहेब यायच्या आधी आम्ही चाचणी घेतली आणि पार फजिती झाली. तिने एका गाडीला पुढारी केलं होतं, कौतुकाने नाव ठेवलं होतं 'मुकादम'. बाकीच्यांनी मुकादमामागे चालायचं. मुकादम वेल्डिंगच्या केबलीत अडकला आणि अकराच्या अकरा गाड्या जागच्या जागी ठप्प! माझा लेथवाला मच्छिंद्र पोट धरून हसला. "म्याडम, ही झुरळं चहा प्यायला थांबली व्हय?" मी त्याला अशी शिवी हासडली की लेथ बंद पडावं. पण खरं सांगतो, मलाही वाटलं, गेली खोली.

जयमाला फरशीवरच बसून होती. एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "आप्पा, मी अक्कल गहाण ठेवली होती. मुकादम कधी ऊस तोडतो का? तो बांधावर उभा राहून ओरडतो!"

मग तिने समजावलं. फडात प्रत्येक जोडप्याला आपापली पात असते, म्हणजे तोडायच्या उसाचा पट्टा. ज्यांची पात आधी संपते ते बसून राहत नाहीत. वळतात आणि मागे पडलेल्या शेजाऱ्याच्या पातीला समोरून हात लावतात. कुणी हुकूम सोडत नाही. तिची आई तापाने फणफणली होती, तेव्हा तिची पात टोळीने अशीच उरकली होती.

मुकादमाची हकालपट्टी झाली. आता प्रत्येक गाडीला फरशीची आपापली पात. ज्याचा दिवा लुकलुकतोय त्याचं काम बाकी, त्याच्या मदतीला जायचं; काम संपलं की दिवा नुसता पेटलेला. दिवाच दिसेनासा झाला तर त्याची पात आपली.

साहेब आले त्या दिवशी तिने मच्छिंद्रच्या कमरेलाही तसाच लुकलुकता दिवा बांधला, हातात झाडू दिला आणि एक पट्टा नेमून दिला. तो कुरकुरला, "म्याडम, मलाच कीस समजून वढलं म्हंजी?"

गाड्या सुटल्या. साहेबही पक्के. मधल्या दोन गाड्या उचलून त्यांनी टेबलावर पालथ्या घातल्या. "आता?" त्यांनी विचारलं. जयमालाने ओठ आवळले. शेजारच्या गाड्यांनी आपली पात संपवली, वळल्या आणि सरळ त्या रिकाम्या पट्ट्यात शिरल्या. शाब्बास रे पठ्ठ्यांनो!

मच्छिंद्र मात्र अर्ध्यातच होता. झालं, सगळ्या निघाल्या त्याच्याकडे. त्याने झाडू उगारला. गाड्या त्याच्या बुटापासून हातभर लांब थांबल्या, बाजूने वळल्या आणि त्याच्याच पट्ट्यातला कीस समोरून उचलायला लागल्या. मच्छिंद्रने झाडू खाली घेतला.

"आयला," तो हळूच म्हणाला, "मला बी टोळीत घेतलं की!"

पोरांनी शिट्ट्या मारून पत्रे हलवले. जयमाला हसत होती आणि रडतही होती, आणि मी... जाऊ द्या.

साहेबांनी हात जोडले. "खोली तुमचीच, मॅडम. चला, आवरा आता हे."

"आवरायचं न्हाई!" मच्छिंद्र मागे न बघता ओरडला. "साहेब, जरा बाजूला सरका. आमची पात ऱ्हायलीय."

आणि तो गाड्यांच्या जोडीने पुन्हा झाडायला वाकला.