कंसातली चिनी भाषा

"ग्रेस, हे तुझं डिपार्टमेंट," असं म्हणून मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हा लाँड्रीवाला काय म्हणतोय तेवढं सांग, म्हणजे लिहून टाकू."

ग्रेसने हेडफोन लावला. अकरा सेकंदांची क्लिप तिने तीनदा ऐकली.

"काहीच म्हणत नाहीये," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला ती बोली येत नसेल. टीमचा लीड असल्यामुळे आपल्याला सगळ्यातलं थोडंथोडं कळतं, असा माझा एक समज आहे. मी समजूतदार आवाजात म्हणालो, "मँडरिन नसेल. कँटोनीज असेल बहुतेक."

"माझे आजी-आजोबा घरी कँटोनीजच बोलतात. ही कँटोनीज नाही. मँडरिनही नाही. ही भाषाच नाही. हा माणूस नुसते आवाज काढतोय."

मग हेडफोनची वायर नीट गुंडाळत तिने सांगितलं की तिचा जन्म सॅक्रामेंटोचा आणि मँडरिन तिला माझ्याइतकीच येते. मला कुणी तमिळ क्लिप देऊन 'तू इंडियन ना, सांग काय म्हणतोय' असं विचारलं असतं, तर मी घरी जाऊन आठवडाभर तोच विषय काढला असता. त्या दिवशी मात्र मी फक्त 'ओह' म्हणालो.

आमचं काम काय ते सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही ते अजून कळलेलं नाही. आम्ही कॅप्शन तपासतो. सबटायटल म्हणजे परक्या भाषेतल्या संवादाचं भाषांतर. कॅप्शन मुख्यतः ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. त्यात संवाद तर असतातच, शिवाय दार आपटलं, कुत्रा भुंकला, दूर कुठे सायरन वाजला, हेही चौकोनी कंसात लिहितात. कानाला जे कळतं ते डोळ्याला कळलं पाहिजे, एवढा एकच नियम. बाकीचे सत्तर पानी नियम त्याच्या आजूबाजूला फिरत असतात.

त्या वेळी आमच्याकडे एक जुनी विनोदी डिटेक्टिव्ह मालिका आली होती. काही दशकांपूर्वीची, कृष्णधवल, आता स्ट्रीमिंगवर जाणार होती. एका भागात हा लाँड्रीवाला होता. काम करणारा नट गोरा. डोळ्यांचे कोपरे कशाने तरी वर ओढलेले, ओठांच्या दोन्ही बाजूंनी लोंबणारी मिशी, दर वाक्याला कमरेत वाकणं. डिटेक्टिव्हने दम दिला की तो चिडून अकरा सेकंद चिवचिवाट केल्यासारखं काहीतरी बडबडतो आणि मागून प्रेक्षकांचं हसणं ऐकू येतं. खाली कॅप्शन होतं: [चिनी भाषेत बोलतो].

ग्रेसचं म्हणणं सरळ होतं. हे खोटं आहे. ज्याला ऐकू येतं त्याला निदान शंका तरी येईल की हा नट बनवाबनवी करतोय. ज्याला ऐकू येत नाही, त्याला आपण लिहून देतोय की ही खरी भाषा आहे. तिने सुचवलं: [चिनी भाषेची नक्कल करत निरर्थक आवाज काढतो].

"माझ्या आजोबांना आता ऐकू येत नाही," ती म्हणाली. "ते कॅप्शन वाचूनच टीव्ही बघतात. मी या कामात आले ती त्यांच्यामुळे. ते हे वाचतील आणि मला विचारतील, हा काय म्हणाला? मी त्यांना काय सांगू?"

मला ते शंभर टक्के पटलं. इतकं पटलं की मी खुर्ची तिच्याकडे ओढली आणि माझी गाऱ्हाणी सुरू केली. अमेरिकन टीव्हीवरचा इंडियन म्हणजे दुकानदार नाहीतर डॉक्टर, पण मान हलवणारच. माझ्या पहिल्या नोकरीत एक जण रोज सकाळी मला तसली मान हलवून गुड मॉर्निंग करायचा. "तुझी नि माझी गत एकच आहे," मी म्हणालो. "शुक्रवारच्या मीटिंगमध्ये आपण दोघं मिळून हे मांडू."

ग्रेस ऐकत होती, पण तिचं लक्ष माझ्या मॉनिटरच्या शेजारी कुठेतरी होतं. मला वाटलं, घड्याळ बघत असेल.

शुक्रवारी मीटिंग झाली. माझा बॉस डग समोर बसला होता आणि क्लायंटची बाई व्हिडिओ कॉलवर. ग्रेसने मुद्दा नीट मांडला. एक शब्द जास्त नाही, आवाज चढलेला नाही. क्लायंटची बाई म्हणाली की मूळ स्क्रिप्टमध्ये 'चिनी भाषेत बोलतो' असंच लिहिलंय, आणि जुन्या मालिकांवर शेरे मारणं हे कॅप्शनवाल्यांचं काम नाही. संध्याकाळी पाचला फाईल द्यायची होती. सही, म्हणजे आमच्याकडे जिला साइन-ऑफ म्हणतात ती, माझी लागणार होती. तिच्याशिवाय फाईल हलत नाही.

डग माझ्याकडे वळला. "तू लीड आहेस. ही चूक आहे, की मत आहे?"

इतका सोपा प्रश्न मला नोकरीत क्वचित कुणी विचारला असेल. 'चूक आहे' एवढं म्हटलं असतं तर नियमानुसार फाईल थांबली असती. क्लायंट कुरकुरला असता, सोमवारी डगने तोंड वाकडं केलं असतं, मंगळवारी सगळे विसरले असते.

मी म्हणालो, "दोन्ही बाजूंनी बघता येईल."

हे वाक्य मला फार छान येतं. इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीत, सोसायटीच्या भांडणात, लेकीच्या कॉलेजच्या चर्चेत, सगळीकडे मी ते वापरत आलोय. ग्रेसने माझ्याकडे बघितलं नाही. तिने समोरच्या कागदावर टोपण लावलेलं पेन आडवं ठेवलं. मी पुढे म्हणालो की आत्ता फाईल जाऊ दे, आपण हे फेज टूमध्ये घेऊ. फेज टू म्हणजे काय ते सांगायला हवं: तिथे गेलेली गोष्ट परत आलेली मी पाहिलेली नाही. पावणेपाचला मी साइन-ऑफ केला.

पाचनंतर ग्रेस बॅग घ्यायला डेस्कपाशी आली. मी लगेच उठलो. "मी तुझ्याच बाजूने होतो. पण तू पाहिलंस ना, डग कसा..."

"इट्स ओके," ती म्हणाली. "तू बोलशील असं मला वाटलंच नव्हतं."

हे मला लागलं. मी विचारलं, असं का?

तिने माझ्या मॉनिटरशेजारी बोट दाखवलं. तिथे घड्याळ नव्हतंच कधी. तिथे आमच्या लेकीचा, सईचा फोटो होता, सहा वर्षांची असतानाचा. मंडळाच्या गणपतीतली वेशभूषा स्पर्धा. डोक्यावर पुठ्ठ्याची टोकदार टोपी, काजळाने वर ओढलेले डोळे, ओठांच्या दोन्ही बाजूंनी हनुवटीपर्यंत उतरलेली काजळाची मिशी, हात जोडून कमरेत वाकलेली. सईला दुसरं बक्षीस मिळालं होतं. तीन वर्षं तो फोटो तिथे होता आणि तीन वर्षं ग्रेस त्याच्यासमोर बसत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो कौतुकाने दाखवायचो. तिलाही दाखवला होता. ती तेव्हा 'क्यूट' म्हणाली होती.

"ती सहा वर्षांची होती," मी म्हणालो.

"मीही सहाच वर्षांची होते," ग्रेस म्हणाली. "ही मालिका तेव्हा दुपारी पुन्हा लागायची. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मुलं बोटांनी डोळे ओढायची आणि तेच आवाज काढून मला विचारायची, सांग, हा काय म्हणाला? या आठवड्यात तूही तेच विचारलंस."

ती 'हॅव अ गुड वीकेंड' म्हणून गेली. रागावून गेली असती तर बरं झालं असतं.

फोटो मी आधी पालथा केला, मग ड्रॉवरमध्ये ठेवला आणि शेवटी लपवल्यासारखं वाटायला लागलं म्हणून घरी आणला. सोमवारी ग्रेसची माफी मागितली. ती 'थँक्स' म्हणाली, आणि महिन्याभरात दुसऱ्या टीममध्ये गेली. बदलीच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, नवीन अनुभव.

मालिका स्ट्रीमिंगवर गेली. चार महिन्यांनी एका प्रेक्षकाची मेल आमच्यापर्यंत आली. माणूस जन्मापासून कर्णबधिर. तक्रार नव्हती, नम्र विनंती होती. त्या भागात लाँड्रीवाला चिनी भाषेत जे बोलतो त्याचं भाषांतर मिळेल का? तो इतका चिडलेला दिसतो की नक्की काहीतरी महत्त्वाचं सांगत असणार.

ती मेल मी दोनदा वाचली. या माणसाने त्या अकरा सेकंदांत काहीतरी अर्थ आहे असं धरलं होतं, कारण खाली माझी सही होती.

या वेळी मी कुणाला विचारलं नाही. 'चूक आहे' असं लिहून क्लायंटला पाठवलं. त्यांनी दोन ओळींत होकार दिला. कॅप्शन बदलायला मला चार मिनिटं लागली. नवीन शब्द ग्रेसचेच ठेवले. तिला मेलने कळवलं. उत्तर आलं, 'आजोबांना सांगते.' त्याच्यापुढे काही नव्हतं आणि तिने काही लिहावं अशी माझी लायकीही नव्हती.

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो की दोन्ही बाजूंनी बघता येईल असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा फक्त बाहेर जायच्या दाराकडे बघत असतो.

हे सगळं मी मेधाला, म्हणजे बायकोला, कॅप्शन बदललं त्या संध्याकाळी सांगितलं. तोवर फोटो घरात कपाटावर उलटा पडून होता. तिने तो घेतला, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत बसली. मी म्हणालो, टाकून देऊ या.

"टाकायचा नाही," ती म्हणाली. "डोळे मी रंगवले होते, मिशी तू. हॉलभर लोक टाळ्या वाजवत होते. सई सुट्टीत घरी येईल तेव्हा तिला हे आपल्या तोंडाने सांगायचं."

मग तिने फ्रेम उलटी केली. मागे माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'सई, चिनी माणूस, दुसरं बक्षीस.'

"पेन घे," मेधा म्हणाली. "आधी हे कॅप्शन बदल. इथे तरी क्लायंट नाही."