आधी पाणी, मग खोली

तानाबाई कांबळे यांनी घर बांधलं १९९५ साली, राजारामपुरीच्या शेवटच्या गल्लीच्याही पलीकडे. तिकडं यायला तेव्हा रिक्षावाले कुरकुर करायचे. प्लॉट नवऱ्यानं घेऊन ठेवला होता. तो सूतगिरणीत जॉबर होता, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. घराचा पाया बघायच्या आधीच गेला. तानाबाई सरकारी दवाखान्यात सिस्टर, मुलगा धम्मपाल पुण्याला बँकेत. बाईंचा हिशेब साधा होता. खाली आपण राहायचं, वर चार खोल्या काढायच्या आणि कर्जाचा हप्ता त्या खोल्यांनी भरायचा. फाटकाच्या खांबावर त्यांनी संगमरवरी पाटी बसवली: श्रीमती तानाबाई कांबळे, परिचारिका.

पहिली चूक त्यांनी लगेच केली. प्लॅस्टर वाळायच्या आत नणंदेचा मुलगा ज्ञानू बायकोला घेऊन वरच्या खोलीत उतरला. भाच्याला कराराचा कागद कसा दाखवायचा? डिपॉझिट कसं मागायचं? वस्तीतल्या माणसानं बांधलेलं हे पहिलं माडीचं घर. ते सगळ्यांचंच, असं वस्तीला वाटत होतं आणि खरं सांगायचं तर तानाबाईंनाही. उरलेल्या तीन खोल्या अशाच भरल्या. भाडं सणासुदीला, आठवण झाली तर यायचं. हप्ता मात्र पगारातून जायचा.

ज्ञानूनं त्या पत्त्यावर रेशनकार्ड काढलं. मग विजेच्या मीटरसाठी अर्ज केला, तोही स्वतःच्या नावानं. वायरमन चौकशीला आला तेव्हा बाईंना कळलं. वकिलानं सांगितलं, मीटर बसला की भाचा स्वतःला भाडेकरू ठरवून घेईल आणि मग कोर्टाची पायरी किती वर्षं झिजवायची ते तुम्हीच बघा. तानाबाई ज्ञानूशी भांडल्या नाहीत. रविवारी विहारात वंदना झाल्यावर चारचौघांसमोर त्यांनी नणंदेला विचारलं, पुढचा हप्ता तू भरतेस का? पंधरवड्यात ज्ञानूनं सामान हलवलं, आणि बाकीच्यांनाही वेळीच उमगलं.

तेव्हापासून नात्यातल्या माणसाला त्यांनी खोली दिली नाही. चहा दिला, दवाखान्यात खाट मिळवून दिली, लग्नात आहेर केला, खोली नाही.

खोल्या रिकाम्या झाल्या आणि रिकाम्याच राहिल्या. सयाजी नावाचा एजंट स्कूटरवरून गिऱ्हाईक घेऊन यायचा. गिऱ्हाईक फाटकापाशी थांबायचं, पाटी वाचायचं आणि त्याला काहीतरी तातडीचं काम आठवायचं. तानाबाईंना हे नवं नव्हतं. बहात्तर साली नोकरीला लागल्यावर त्या स्वतः शाहूपुरीत खोली शोधत फिरल्या होत्या. मालकीणबाई खोली दाखवायच्या, भाडं सांगायच्या आणि शेवटी आडनाव विचारायच्या. ते ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. पुढची वर्षं त्यांनी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये काढली. आता त्या मालकीण झाल्या होत्या, तरी आडनाव आडवं येतच होतं.

सयाजी मनानं वाईट नव्हता. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात तो पायरीवर बसून म्हणाला, “सिस्टर, खोल्या एक नंबर हायत. पाटी तेवढी उतरवा. दोन वर्षं. एकदा भरल्या की पुन्हा लावा की.”

धम्मपालचंही फोनवर तेच म्हणणं होतं. त्यानं वर एक गोष्ट कबूल करून घेतली होती: दिवाळीपर्यंत खोल्या भरल्या नाहीत तर घर विकायचं आणि आईनं पुण्याला यायचं. गिऱ्हाईकही त्यानं बघून ठेवलं होतं.

“संगमरवर हाय, सयाजीराव,” तानाबाई म्हणाल्या. “काढाय गेलं तर फुटंल.”

पाटी राहिली. पण नुसती पाटी राखून हप्ता भरत नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी आठवडाभर रजा टाकली आणि खोली नेमकी कुणाला हवी असते याचा विचार केला. वॉर्डात पोरीला दाखल करणारा खेड्यातला बाप काय काय विचारतो, हे त्या रोज ऐकत होत्या. संडास कुठं, पाणी कधी, आणि रात्री बाईमाणूस कोण असतं? जून उजाडला की असेच बाप भुदरगड, चंदगड, गडहिंग्लजहून निकालाचे कागद घेऊन राजारामपुरीत उतरतात आणि क्लासच्या जवळ खोली शोधतात. तानाबाईंनी शिल्लक मोडून प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास-मोरी काढली, जिन्याला लोखंडी दार बसवलं, गच्चीवर मोठी टाकी चढवली. पाटीखाली दुसरी पाटी लावली: फक्त मुलींसाठी.

आणि एक अट ठेवली. आडनाव त्या कुणालाच विचारणार नव्हत्या. ते करार लिहिताना कळतंच. मात्र खोली बघायच्या आधी बापानं त्यांच्या हातून टाकीतलं पेलाभर पाणी प्यायचं. पोरगी वर्षभर हेच पाणी पिणार, तर बापानं आधी पिऊन बघावं, एवढंच कारण त्या सांगत. दुसरं कारण सांगायची गरज नव्हती. ज्याला कळायचं त्याला पेला हातात घेतानाच कळायचं.

जूनमध्ये फाटकातून पुष्कळ जण आत आले, पाणी फार थोड्यांनी घेतलं. चंदगडकडच्या एका मास्तरांनी घटाघटा प्यायलं आणि दोघी मुलींना तिथंच ठेवलं. ती पहिली खोली. पुढं कागलकडची एक मुलगी आली, ती दुसरी. मग आले गणपतराव, भुदरगडातल्या एका दूध संस्थेचे चेअरमन, बारावी झालेल्या शिवानीला घेऊन. पोरगी तहानलेली होती. तिनं पेला रिकामा करून खालीही ठेवला. गणपतरावांनी आपल्या पेल्याकडं बघितलं.

“आज गुरुवार. वाडीला निघालोय, दत्ताचा उपास हाय.”

“उपासाला पाणी चालतंय की, पावणं.”

गणपतरावांनी टोपी सारखी केली आणि पोरीला हाक मारली. दोन गल्ल्या खाली त्यांना खोली मिळाली. मालक त्यांच्याच नात्यागोत्यातला होता.

ऑगस्टमध्ये त्या भागात कावीळ आली. शिवानी राहत होती त्या घराच्या टाकीचं झाकण कधीच उडून गेलं होतं आणि ते मालकालाही ठाऊक नव्हतं. तिथल्या मुली एकामागून एक आजारी पडल्या, शिवानीही. तानाबाईंच्या खोल्यांतल्या मुलींना काही झालं नाही. त्यात नशिबाचा भाग असेलही. पण त्या ड्युटीवर जायच्या आधी वॉर्डासारखी घराची फेरी मारायच्या. नळ गळतोय का, दिवा गेलाय का, टाकीचं झाकण जागेवर आहे का. बिघडलेलं त्याच दिवशी दुरुस्त व्हायचं. टाकी पंधरा दिवसांनी धुतली जायची, पाण्यात जंतू मारणारी टीसीएल पावडर पडायची, आणि प्यायचं पाणी उकळायचं हे मुलींना त्यांनी दम देऊन शिकवलं होतं.

गणपती बसायच्या दोन दिवस आधी गणपतराव एकटेच आले. पोरगी गावाकडं बरी होत होती, पण वर्ष बुडवायचं नाही म्हणून हट्टाला पेटली होती. ते फाटकाबाहेरच थांबले.

“खोली हाय काय, बाई?”

“जूनमधी होती. आताबी हाय.”

“ते… पाण्याचं…”

“टाकी परवाच धुतलीया. वर चढून बघा.”

“बघायचं न्हाय,” गणपतराव म्हणाले. “द्या.”

तानाबाईंनी पेला आणला. गणपतरावांनी तो उभ्या उभ्या संपवला, मिशी पुसली आणि आणखी एक मागितला.

“दुसरा करार झाल्यावर,” तानाबाई म्हणाल्या.

गणपतराव आधी गोंधळले, मग मोठ्यानं हसले. करार अकरा महिन्यांचा झाला, डिपॉझिटसह, दोन साक्षीदारांसह. गावी परतल्यावर त्यांनी आणखी एकाला पत्ता दिला. तो आला, प्याला, आणि त्याच्या पोरीनं चौथी खोली घेतली. दिवाळीला धम्मपाल घरी आला तेव्हा वर चार कुलपं होती आणि पाचही मुली सुट्टीला जाताना पुढच्या वर्षाची खोली सांगून गेल्या होत्या. विक्रीचा विषय त्यानं काढला नाही. पुण्याला परत गेल्यावर कराराचा मजकूर स्वच्छ टाईप करून पाठवला.

पुढची वर्षं भराभर गेली. भाडं त्या बाजारापेक्षा थोडं कमी ठेवायच्या. खोली महिनाभर रिकामी पडली तर त्याहून जास्त जातं, हे त्या ठेचकाळून शिकल्या होत्या. विजेला प्रत्येकीचा सबमीटर, पण मूळ मीटर आपल्याच नावावर. भाड्याची पावती हातोहात. दोन हजार साली नवा भाडे कायदा आला आणि करार नोंदवायचा ठरला, तेव्हा पुष्कळ मालक टाळाटाळ करत राहिले. तानाबाई पहिल्याच वर्षी नोंदणी कार्यालयात जाऊन उभ्या राहिल्या. २००१ मध्ये दुसरा मजला चढला. २००३ मध्ये राजारामपुरीत एक जुना फ्लॅट घेतला, तोही शिवानीच्या आत्याला भाड्यानं गेला. सयाजी आता गिऱ्हाईकाला स्कूटरवरच बजावायचा, “आत गेल्यावर पयलं पाणी घ्या. मग बोला.”

२००५ च्या जूनमध्ये समोरच्या तीन मजली घराचे मालक हंबीरराव स्वतः चालत आले. हे रिटायर्ड मामलेदार. खोली बघायला आलेल्या माणसाची जात, गाव, आहार सगळं विचारायचे, आणि जिन्यातला गेलेला दिवा मात्र सहा महिने बदलायचे नाहीत. त्यांच्या सहा खोल्या वर्षभर रिकाम्या होत्या. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

“सिस्टर, तुम्ही बघा ह्या. तुमचं काय कमिशन असंल ते घ्या.”

“बघतो की. पण माणूस मी ठरवणार. तुम्ही कुणाला काय विचारायचं न्हाय.”

हंबीररावांनी जुडगा त्यांच्याकडं सरकवला. मग म्हणाले, ठीक हाय.

तानाबाईंनी दोन आठवडे गवंडी आणि प्लंबर लावला. पहिली खोली त्यांनी एका तरुण जोडप्याला दिली. नवरा प्रसेनजीत जलसंपदा खात्यात कारकून, बायको क्रांती शिक्षिका. बदली होऊन आल्यापासून ते दोघं लॉजवर राहत होते. कुठं कुठं काय ऐकून आले ते त्यांनी सांगितलं नाही, तानाबाईंनी विचारलं नाही. नोंदणी कार्यालयात कागद हंबीररावांपुढं आला. त्यांनी चष्मा लावला, भाडेकरूचं पूर्ण नाव वाचलं, आडनावावर जरा थांबले आणि सही केली.

पेन परत देताना त्यांनी एवढंच विचारलं, दुसरी खोली कधी भरताय?