आखाजीला ठेवायला दिलेला कोंबडा

मी डाईंग मिलमध्ये ताके तपासतो. रात्रभर दिव्याखालून कापड सरकत असतं आणि मी त्यातला डाग, गाठ, तुटलेला धागा शोधत असतो. वीस वर्षं हे काम केलं की स्वच्छ कापडाचीच जास्त भीती वाटायला लागते. काहीच दिसत नाही, म्हणजे नक्की काहीतरी आहे! ही नजर मिलच्या गेटवर ठेवून येता आली असती तर संसार जरा बरा झाला असता, असं बायको म्हणते.

बायकोचं उलटं. ती कुणालाच नाही म्हणत नाही. गुजरातेत असलो तरी डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशातली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की बायका माहेरी, मागोमाग पुरुष गावी, आणि त्यांची जनावरं आमच्या घरी. मासे, ससे, लव्हबर्ड, एकदा तर पलीकडच्या सोसायटीतल्या गुजराती काकांचा कुत्रा. तो फक्त गुजरातीत सांगितलेलं ऐकायचा, आणि मी काही बोललो की मीच पाहुणा असल्यासारखा माझ्याकडे बघायचा. पण आजवर एक जनावर दगावलं नाही की हरवलं नाही. गल्लीत बायकोचा मान आहे तो एवढ्यावर.

गेल्या वर्षी शेजारच्या मावशींनी कोंबडा आणून ठेवला. मावशी एकट्या राहतात, मुलगी अमळनेरला दिलेली. हा कोंबडा त्यांनी फेरीवाल्याकडून पिल्लू असताना घेतलेला, गुलाबी रंगवलेला. मी तेव्हाच सांगितलं होतं, "मावशी, रंग कच्चा आहे." महिन्याभरात गुलाबी उतरला आणि पांढराफटक कोंबडा बाहेर आला. मावशींची माया मात्र उतरली नाही.

"पोरी, घरात मी बोलते ती याच्याशीच," त्या बायकोला म्हणाल्या. "पाच दिवसांनी येते. याला काही झालं तर त्या घरात मला पाय टाकवणार नाही."

"माझा शब्द आहे मावशी," बायको म्हणाली.

आता माझं वेळापत्रक असं की सकाळी साडेसातला मी घरी येतो आणि आठला आडवा होतो. कोंबड्याची पाळी नेमकी आठला सुरू. गच्चीवरच्या डाल्याखालून त्याने बांग दिली की माझ्या कानातच दिली असं वाटायचं. मी अंथरुणातून ओरडायचो, "एक दिवस तुझा रस्सा करतो बघ!" असं कुणीही म्हणतं. झोप मोडलेला माणूस आणखी काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. तो कोसाडला राहतो, हजीऱ्याला कामाला जातो. आल्या आल्या त्याने कोंबडा उचलला, हातात वर-खाली केला आणि म्हणाला, "दाजी, दोन किलो पक्का."

"दुसऱ्याचा आहे. खाली ठेव."

"मी फक्त वजन सांगितलं."

फक्त वजन! मांजर उचलून कुणी वजन सांगतं का? माझ्या डोक्यात तेव्हाच गाठ बसली.

तिसरा दिवस म्हणजे आखाजीचा दुसरा. आदल्या दिवशी पुरणपोळी आणि आमरस झालेला असतो, त्यामुळे या दिवशी आमच्या लोकांना झणझणीत लागतंच. दुपारी तीनला मला जाग आली, ती शांततेमुळे. वर जाऊन बघतो तर डालं उलटं पडलेलं, कोंबडा गायब. साधं पीसही नाही.

बायको खाली साडीला टिकल्या लावत बसली होती.

"कोंबडा कुठंय?"

"असेल."

"असेल म्हणजे?"

"कोंबडा आहे, फिरेल इकडेतिकडे," ती मान वर न करता म्हणाली.

एक मासा आडवा पोहला तरी जिचा घास खाली उतरत नाही, ती बाई एवढी गार? मला सगळं दिसलं. ती भावाला पाठीशी घालत होती. आणि दोन दिवसांनी मावशी येणार होत्या.

मी स्कूटर काढली आणि भर उन्हात कोसाड गाठलं. जिन्यातच काळ्या मसाल्याचा वास आला. मेहुणा ताटावर बसलेला.

"या दाजी, बसा जेवायला!"

मी बसलो नाही. पळी उचलली आणि थेट पातेल्यात घातली.

"काय शोधताय?"

"तंगडी."

"शेवभाजीत?"

शेवभाजीच होती. तरी मी तळापासून तीनदा ढवळली. तीनदा शेवच वर आली. एवढ्यावर थांबलो असतो तर पुढचं निभावलं असतं, पण मी कचऱ्याची बादलीही उघडली.

मेहुणा चिडला की थेट अहिराणीत जातो. "दाजी, मी कोंबडा नही खादा!" आणि त्याने बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. "ताई, तुझा नवरा माझ्या कचऱ्यात हाडं शोधतोय!"

पलीकडून बायको म्हणाली, "कोंबडा मागच्या गल्लीत माझ्या मैत्रिणीकडे आहे. सकाळी मीच नेऊन ठेवला."

"का?" मी विचारलं.

"तुमच्यामुळे."

मेहुण्याच्या हातातला घास खाली पडला, एवढा तो हसला.

घरी आलो तर बायको तयारच होती. "रोज सकाळी रस्सा रस्सा कोण ओरडतं?"

"ते बोलायचं असतं."

"रविवारी विळीला धार कोणी लावली?"

"लोणच्याच्या कैऱ्यांसाठी!"

"काळा मसाला किती उरलाय, हे कोणी विचारलं? आणि काल, माझा भाऊ गेल्यावर, गच्चीवर कोंबडा उचलून काय चाललं होतं?"

ते तिने पाहिलं होतं तर. मी फक्त मेहुण्याचा अंदाज बरोबर आहे का ते बघत होतो. दोन किलो बरोबर होता. आणि खरं सांगायचं तर, त्याला हातात धरून उभा असताना रस्सा पातळ करावा की दाटसर, एवढाच एक विचार मनात येऊन गेला. बायकोला तो गच्चीच्या दारातून दिसला.

पाचव्या दिवशी मावशी खांद्यावरची पिशवी न उतरवता आधी आमच्याकडे आल्या. कोंबडा सकाळीच परत आणला होता. त्यांनी तो काखेत घेतला, छाती चाचपली, एकेक पंख उचलून खालून पाहिला. असं बारीक तपासणं मी मिलमध्येही पाहिलेलं नाही.

"त्रास नाही ना दिला?" त्यांनी मला विचारलं.

"छे! घरचाच समजलो आम्ही."

बायको खोकली. मावशींना दारापर्यंत सोडायला ती गेली, आणि मावशी हळू बोलतात असं फक्त मावशींना वाटतं.

"गावी जाताना जीव नुसता खालीवर होत होता गं," त्या म्हणाल्या. "तुझी काळजी नव्हती, पोरी."

"माहीत आहे मावशी," बायको म्हणाली. "म्हणून तर हलवला."

मग दोघी बराच वेळ हसत होत्या. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.