सरांचं टाचण, माझं अक्षर

माझं अक्षर चांगलं होतं, आणि दहावीच्या वर्षी त्याने माझा जीव खाल्ला. आजही कुणी एखाद्या शाळकरी मुलीला म्हणालं, ‘काय सुरेख अक्षर आहे गं तुझं,’ की त्या मुलीला बाजूला घेऊन सांगावंसं वाटतं, बाई, लपव ते.

आमचं गाव रत्नागिरीजवळच्या हातखंब्यापासून बरंच आत. वाडीत वीज येऊन नुकती दोनतीन वर्षं झाली होती. वडील मुंबईला एका खानावळीत कामाला होते, घरी आई, मी आणि धाकटी बहीण. हायस्कूल पाऊण तास चालत. दहावीला सकाळी सात वाजता गणिताचा जादा तास, मग पाच वाजेपर्यंत शाळा, आणि घरी आलं की पातेरा. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची तर तिच्यावर वाळका पाला पसरावा लागतो. तो डोंगरातून हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, भरून आणायचा. आई एकटी किती करणार, म्हणून रोजचे दोन हारे माझ्याकडे होते. त्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती आणि आजही नाही. जमीन आमची होती.

माझी तक्रार आहे ती बाकीच्या कामांबद्दल. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार लिहायचा तो मी. खेळांची प्रमाणपत्रं मी लिहायची. ग्रामपंचायतीला सूचना लावायची असली की शिपाई कागद घेऊन आमच्या पडवीत हजर. वाडीतल्या पूजेची आमंत्रणं तर मीच लिहायची असं जणू देवानेच ठरवून ठेवलं होतं. आणि पत्रं. घरोघरचे चाकरमानी मुंबईत, इकडे बायकांना लिहिता येत नव्हतं. वरच्या घरची काकी दर आठवड्याला आंतर्देशीय घेऊन यायची आणि पायरीवर टेकून सांगायची, “लिव गो बाय, गाय व्याली म्हनावं. पाडी झाली. आनि पोराचा ताप उतारलाय, काळजी करू नुको.” पत्र झालं की ती ओच्यातून दोन कोकमं नाहीतर मूठभर भाजलेल्या काजूबिया काढून ठेवायची. एवढ्या विषयांचा अभ्यास समोर पडलेला असताना मला त्या काजूबियांचाही राग यायचा.

मला अकरावीला रत्नागिरीला जाऊन सायन्स घ्यायचं होतं. आमच्या वाडीतली एकही मुलगी तोवर दहावीच्या पुढे गेली नव्हती. वडिलांनी पत्रातून कळवलं होतं, विज्ञानात मार्क पडले तर पाठवीन, नाहीतर नाही. विज्ञानाला प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि सरांची सही असलेली पूर्ण प्रयोगवही नसेल तर त्या परीक्षेला बसायला मिळणार नाही, हे सर जूनपासून आम्हाला ऐकवत होते.

हे विज्ञानाचे सर फार चांगले आहेत असं सगळे म्हणायचे. ते मारत नसत, ओरडत नसत. फारसं शिकवतही नसत. त्यांची हापूसची कलमं होती. मोहोर आला की त्यांचं चित्त फवारणीत असायचं आणि आम्ही वर्गात धडा मोठ्याने वाचत बसायचो.

डिसेंबर संपता संपता त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. शाळेची तपासणी यायची होती. कोणता धडा कधी, कसा, काय साहित्य घेऊन शिकवला याचं टाचण शिक्षकांनी रोज लिहायचं असतं आणि तपासणीला येणारे साहेब आधी तेच मागतात. सरांची टाचणवही जूनपासून कोरी होती. त्यांनी ती कोरी वही आणि कुठल्यातरी मागच्या वर्षाची एक जुनी वही माझ्यापुढे ठेवली.

“बाळ, तुझं अक्षर म्हणजे मोती,” सर म्हणाले. “तारखा तेवढ्या बदल आणि हे उतरवून काढ. तुझ्या प्रयोगवहीचं मी बघतो. ती काळजी नको.”

मी खूश झाले, हे कबूल करायला हवं. वर्गातल्या चाळीस पोरांत सरांना मी दिसले होते. मी हरभऱ्याच्या झाडावर अशी काही चढले की नाही म्हणायचं सुचलंच नाही.

तीन आठवडे मी सरांचं वर्ष लिहीत होते. मधल्या सुट्टीत लिहायचे, शाळा सुटल्यावर लिहायचे. शनिवारी प्रयोगाच्या तासाला बाकीची मुलं आपापल्या वह्या पूर्ण करत, तेव्हा सर मला मागच्या बाकावर बसवून टाचण लिहायला लावत. साहित्य: बीकर, लिटमस कागद. कृती: विद्यार्थ्यांना प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवला. लिटमस कागद दिवाळीपासून संपले होते. तो प्रयोग मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, माझ्या वहीत त्याचं पान कोरं होतं, आणि तो करून दाखवल्याचं मी वळणदार अक्षरात लिहून देत होते. सोळा प्रयोगांपैकी माझ्या वहीत सहाच झाले होते. विचारलं की सर म्हणत, “सांगितलं ना, बघतो.”

तपासणीच्या दिवशी वाटेच्या कडेच्या जांभ्या दगडांना चुना फासला होता. दारावरचं ‘सुस्वागतम्’ अर्थात माझंच. साहेब जीपमधून उतरले, दोन वर्ग बघून आमच्याकडे आले आणि सरांची टाचणवही चाळायला लागले. चाळता चाळता त्यांचा चेहरा खुलत गेला.

“वा,” साहेब म्हणाले. “एकही तारीख चुकलेली नाही. आणि काय अक्षर आहे.”

सर विनयाने हसले. आम्ही चाळीस जण बघत होतो. ते अक्षर कुणाचं हे त्या चाळीसही जणांना माहीत होतं.

मग साहेबांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून दहा प्रयोगवह्या काढायला सांगितल्या. त्यात माझी निघाली. त्यांनी पानं उलटली, कोरी पानं आली, कोरीच येत राहिली.

“ही कुणाची?”

मी उभी राहिले. साहेबांनी मला पुढे बोलावलं आणि सरांची वही उघडून माझ्यासमोर धरली. “हे बघ. तुझे सर घरसंसार सांभाळून रोज इतकं नेटकं लिहितात. तुला वर्षभरात एक वही पुरी करता येत नाही? घरी काय करतेस दिवसभर?”

मी माझंच अक्षर बघत उभी होते. शाईचा एक डाग पडला होता, तो सुद्धा ओळखला. वाटलं, आता सर काहीतरी बोलतील. खरं नाही सांगितलं तरी निदान विषय बदलतील.

सर म्हणाले, “मुलगी हुशार आहे साहेब, पण निष्काळजी.”

इतकी वर्षं झाली, त्या वाक्याने अजून डोक्यात तिडीक जाते. साहेबांचं मी समजू शकते, दोन्ही वह्यांतलं अक्षर एकच आहे हे त्यांना दिसलं नाही, कारण मास्तरांची वही आणि पोरीची वही एकाच हातच्या असतील हे त्यांच्या डोक्यातच येणार नव्हतं. सरांना सगळं माहीत होतं. साहेबांनी लाल शाईने माझ्या वहीवर शेरा मारला आणि मी जागेवर जाऊन बसले.

शाळा सुटताना सर म्हणाले, “पाच दिवसांत पुरी करून आण. अपुऱ्या वहीवर सही कशी करणार?”

“सर, तुम्ही बघतो म्हणाला होतात.”

“बघतो म्हणजे लिहून देतो असं नव्हे,” सर म्हणाले आणि सायकल काढून बागेकडे गेले.

घरी आले तर पायरीवर वरच्या घरची काकी आंतर्देशीय घेऊन बसलेली. मी तिच्यावर खेकसले. मी काय टपालखातं उघडलंय का, माझी दहावी आहे, जन्मभर दुसऱ्यांचंच लिहीत बसू का, असं बरंच काही बोलले.  काकीने कागदाची घडी घालून ओच्यात ठेवली आणि ती गेली. आई चुलीपुढून म्हणाली, “कुनाचा राग कुनावर काडलास गो?” मग मी रडत रडत तिला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पातेऱ्याला निघाले तर आमच्या शेतात दोन हारे आधीच ओतलेले. तिसऱ्या दिवशीही तेच. आईला विचारलं, तर म्हणाली, “काकी आनतेय. तुला लिवायचं हाय म्हनली.” माझी मान खाली गेली. मी प्रयोग लिहिले, आकृत्या काढल्या, आणि चौथ्या दिवशी सोळावा संपल्यावर काकीच्या घरी जाऊन म्हटलं, काकी, सांग काय लिहू.

पाचव्या दिवशी वही सरांपुढे ठेवली. त्यांनी ती न उघडता बाजूला सारली आणि एक मसुदा माझ्याकडे दिला. साहेबांच्या शेऱ्यांवर शाळेने काय केलं याचा अहवाल पाठवायचा होता. “एवढं सुवाच्य लिहून दे, मग सही करतो.”

मी तिथेच बसून लिहायला लागले. चौथ्या मुद्द्याशी आले. ‘निष्काळजी विद्यार्थिनीस योग्य ती समज देण्यात आली असून तिच्याकडून प्रयोगवही पूर्ण करून घेण्यात आली आहे.’

माझा हात थांबला. सही अजून व्हायची होती, वही त्यांच्या कोपराखाली होती, आणि त्या सहीवर माझी रत्नागिरी होती. हे सगळं मला कळत होतं. मी तेवढ्या ओळीची जागा कोरी सोडली, पुढचे मुद्दे लिहिले आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“हे राहिलं,” सर म्हणाले.

“ते तुम्ही लिहा सर.”

खोलीत दुसरे दोन शिक्षक चहा पीत होते. ते आमच्याकडे बघायला लागले. सरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पेनाचं टोपण काढलं आणि त्या कोऱ्या जागेत ती ओळ लिहिली. त्यांचं अक्षर वाकडंतिकडं होतं, ओळ खाली उतरत गेली आणि जागा पुरली नाही. वर्षभराचं त्यांचं खोटं माझ्या हातून लिहून झालं होतं, हे एवढं त्यांना स्वतःच्या हाताने लिहावं लागलं. त्याच पेनाने त्यांनी माझ्या वहीवर सही केली.

“सगळ्या अहवालाची शोभा घालवलीस,” वही पुढे सरकवत ते म्हणाले.

मी वही उचलली आणि म्हटलं, “हो सर.”