किंवा आपल्या देशाचा पोशाख

समोर कोणी येऊन उभं राहिलं की ते आधी त्याच्या पायांकडे बघायचे. मग नजर हळूहळू वर. बूट, पँटची लांबी, पट्टा, शर्टाची बटणं, कॉलर आणि सगळ्यात शेवटी चेहरा. तिथपर्यंत पोचेस्तोवर समोरचा माणूस अर्धा घाबरलेला असायचा. मग ते हसून म्हणायचे, "छान. फक्त मोजे तेवढे बघा."

मोज्यांत काहीतरी चुकलेलं असायचंच.

खोपटला, एसटी डेपोपासून पाच मिनिटांवर, आमच्या टूर कंपनीचं ऑफिस आहे. मी तिथे काउंटरवर बसते. क्रूझची सहल निघायच्या आधीच्या शनिवारी आम्ही प्रवाशांना वरच्या हॉलमध्ये बोलावतो. पासपोर्ट, विमा, औषधं हे सगळं मी सांगते. बोटीवर कधी काय घालायचं हे सांगायला मॅडमनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, या मोजे बघणाऱ्या गृहस्थांना बोलावायला सुरुवात केली होती. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. आम्ही सगळे काकाच म्हणायचो.

काकांची सव्वीस वर्षं मोठमोठ्या परदेशी बोटींवर गेलेली. ग्लास पुसण्यापासून सुरुवात, आणि शेवटी डायनिंग रूमच्या दारावर उभा राहणारा हेड वेटर. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण ती दारावर उभं राहायची ढब गेली नव्हती. पाठ ताठ, हात मागे. बोलणं सगळ्यांशी 'तुम्ही' करून. खालच्या टपरीवरचा चहावाला आला तरी "तुम्ही इथे ठेवा" असं म्हणायचे, आणि तो बिचारा ओशाळायचा.

"दिवसा बोट तुमची," ते सुरुवात करायचे. "संध्याकाळी सहानंतर दारावरच्या माणसाची."

मग ते संध्याकाळींचे प्रकार समजावून सांगायचे. साधी संध्याकाळ, जरा बरी संध्याकाळ आणि फॉर्मल संध्याकाळ. फॉर्मल म्हणजे पुरुषांना गडद सूट, टाय, बंद बूट. बायकांची काळजी नाही. "तुम्ही साडी नेसून आलात की बाकीच्यांनी आपापले कपडे तपासायचे," असं म्हटलं की पहिल्या रांगेतल्या बायका खूश व्हायच्या.

प्रश्न ठरलेले असायचे. "थ्री-फोर्थ चालेल का?" असं डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलं, तेव्हा काका गंभीरपणे म्हणाले, "चालेल. पण उरलेला वन-फोर्थ कुठे ठेवलात असं ते विचारतील." मग टायची गाठ शिकवायची वेळ यायची. बँकेतले, शाळेतले, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतून रिटायर झालेले लोक रांगेत उभे, आणि काका एकेकाच्या गळ्याशी. एखाद्याची गाठ चुकली तर बाकीच्यांसमोर सांगायचे नाहीत. जवळ जाऊन हळूच सोडायचे आणि परत बांधून द्यायचे. कोणाचा चारचौघांत पाणउतारा होऊ नये याला ते फार जपायचे. मला तेव्हा वाटायचं, ही नोकरीतली सवय असेल.

गेल्या वर्षी ते ओळीने दोन शनिवार आले नाहीत. ताप होता. मी रविवारी दिव्याला, त्यांच्या घरी, त्यांना बघायला गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद, जिन्यात प्रत्येक दारासमोर पाण्याचं निळं पिंप. काकींनी दार उघडलं. आत दोरीवर पांढरे शर्ट ओळीने लटकवलेले, प्रत्येकावर प्लॅस्टिकची पिशवी.

"पाणी दिवसाआड येतं," काकी म्हणाल्या. "पहिली बादली ह्यांच्या शर्टांची. मग आम्ही माणसं."

काका पलंगावर झोपून हसले. शोकेसमध्ये एक फोटो होता. बोटीचा कठडा, मागे निळं पाणी, आणि एक म्हातारं जोडपं. बाई नऊवारीत, नीट पदर घेतलेली. म्हाताऱ्यांच्या अंगावर मात्र काळी पँट, खाली दोनदा दुमडलेली, आणि बाह्या बोटांपर्यंत आलेला पांढरा शर्ट. डोक्यावर काळी टोपी.

"तुमचे वडील?" मी विचारलं.

"हो. दादा."

"पँट जरा मोठी झालीय त्यांना."

"माझी आहे ती," काका म्हणाले, आणि भिंतीकडे कुशीवर वळले. काकी चहा टाकायला उठल्या. मी काहीतरी बोलून गेले एवढं मला कळलं, पण काय ते कळलं नाही.

ते कळलं त्यानंतरच्या महिन्यात.

त्या शनिवारी वरच्या हॉलमध्ये तीसेक माणसं होती. सिंगापूरहून निघणाऱ्या बोटीची सहल होती. टायचा धडा संपत आला आणि मागच्या रांगेतून एक आजोबा उभे राहिले. डोंबिवलीचे, ऐंशीच्या पुढचे. शुभ्र धोतर, वर साधा सदरा. शेजारी त्यांचा मुलगा.

"मी आयुष्यात पँट घातलेली नाही," आजोबा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "नोकरी केली तीही धोतरात. मला ते सूटबीट जमणार नाही. त्या एका संध्याकाळी मी खोलीत बसून राहिलो तर चालेल ना? हे सगळे जेवून येतील."

"बाबा, काय हे," मुलगा म्हणाला. "अहो, भाड्याने मिळतो कोट. मी बोललोय एकाशी. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

सगळे काकांकडे बघायला लागले. काका नेहमी पटकन उत्तर द्यायचे. त्या दिवशी आधी त्यांनी हातातला टाय टेबलावर ठेवला.

"मी एक सांगतो," ते म्हणाले. "मग तुम्ही ठरवा."

मग त्यांनी सांगितलं. हॉलमधल्या पंख्याच्या वर आवाज न चढवता, जसं एरवी बुटांविषयी सांगायचे तसं.

"माझे वडील मास्तर होते. गुहागरच्या बाजूला, खेड्यातल्या शाळेत. आम्हा बोटीवरच्या लोकांना आईवडिलांना सवलतीत फिरवून आणता यायचं. मी दोघांना नेलं. तिसऱ्या दिवशी फॉर्मल संध्याकाळ होती. मी दारावर, शेजारी माझा साहेब. दादा आले. कडक धुतलेलं धोतर, बंद गळ्याचा काळा कोट, काळी टोपी. शाळेत तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी ते जे घालायचे, ते सगळं. मला दाखवायला लांबूनच हात वर केला त्यांनी."

त्यांनी टायची गुंडाळी केली.

"साहेब काही बोलला नव्हता. त्याने नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. बस्स. आणि मी पुढे झालो, हात आडवा केला आणि म्हणालो, सॉरी सर, टुनाइट इज फॉर्मल. इंग्लिशमध्ये. वडिलांना."

"मग?" पुढच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं.

"मग काय. दादांना इंग्लिश येत होतं. ओके म्हणाले. आईला घेऊन वळले आणि गेले. ते कोण होते ते साहेबाला कळलंच नाही. मी सांगितलंच नाही."

त्यांनी टेबलावरचं कार्ड उचललं. बोटीवर दर संध्याकाळी दारापाशी लावतात तसलं, कपड्यांचे नियम छापलेलं. नमुना म्हणून ते नेहमी बरोबर आणायचे.

"त्याच्या पाचच मिनिटं आधी मी एका स्कॉटलंडच्या माणसाला आत सोडलं होतं. त्यांचा तो चौकड्यांचा घागरा असतो ना, गुडघे उघडे. त्याला मी वाकून गुड ईव्हनिंग म्हटलं. कारण इथे लिहिलंय. सूट, टक्सिडो, किंवा आपल्या देशाचा पोशाख. आत्ताच लिहिलंय असं नाही. तेव्हाही होतं. रोज संध्याकाळी ते कार्ड मीच दारावर लावायचो."

आजोबा अजून उभेच होते. मुलाने त्यांचा हात धरला होता.

"मी ड्यूटी संपवून त्यांच्या केबिनमध्ये गेलो, तर दादा म्हणाले, तुझी एखादी जुनी पँट असली तर दे. उरलेले दिवस ते माझ्या पँटमध्ये फिरले. गावाला उतरल्यावर परत धोतर. आमच्यात हा विषय पुन्हा कधी निघाला नाही. दादांना जाऊन बारा वर्षं झाली." मग ते आजोबांकडे वळले. "तुम्ही खोलीत बसायचं नाही. धोतर नेसा, वर कोट असेल तर घाला, आणि सगळ्यांबरोबर जेवायला जा. हे कार्ड खिशात ठेवा."

ते स्वतः मागच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि कार्ड आजोबांच्या हातात दिलं.

त्यानंतर लोक गडबडीने उठले. जिन्यात एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, म्हणजे दारातून परत पाठवतात का हो? बायकामुलांसमोर?" सोमवारी त्यांचा फोन आला. त्यांनी आणि त्यांच्या भावाने क्रूझ रद्द करून केरळ घेतलं.

आमच्या मॅडम वाईट नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "मला त्यांचं दुःख कळतं गं. पण लोक आपल्याकडे मजेसाठी येतात. घाबरून घरी जायला नाही. तू सांग त्यांना. तुझं ऐकतात."

"काय सांगू?"

"काहीतरी सांग. दुखवू नकोस म्हणजे झालं."

मी फोन करू शकले असते. दिव्याला जाऊ शकले असते. मी मेसेज केला. 'काका, या शनिवारी मीटिंग नाहीये. पुढची ठरली की कळवते.' शनिवारी मीटिंग होती. खुर्च्या मीच मांडून घेणार होते. पाच मिनिटांत उत्तर आलं. 'ओके. नो प्रॉब्लेम. थँक यू.' पुढच्या शनिवारसाठी मी काही कळवलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. मॅडमनी कपड्यांची माहिती चार रंगीत चित्रांत बसवून घेतली. पडद्यावर ती दोन मिनिटांत संपते.

डोंबिवलीचे आजोबा सहलीहून परतल्यावर एकटेच ऑफिसात आले. चॉकलेटचा डबा आणला होता. काका कुठे आहेत, विचारलं. मी म्हणाले, सध्या येत नाहीत.

"त्यांना सांगायचं होतं," आजोबा म्हणाले. "धोतर नेसून गेलो. दारावर एक फिलिपिनो माणूस होता. गुड ईव्हनिंग सर म्हणाला आणि आम्हाला खिडकीशी बसवलं. कार्ड खिशात होतं. काढायची वेळच आली नाही."

आजोबा गेल्यावर मी काकांना फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"गावाला आलोय," ते म्हणाले. "दादांचं घर उघडलंय. कौलं बदलायची होती."

मी आजोबांचं सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "कार्ड बघितलं त्या माणसाने?"

"नाही. विचारलंच नाही कोणी."

पलीकडे कोणीतरी कोंबड्यांना हाकललं.

"म्हणजे एवढंच करायचं होतं," काका म्हणाले.

मग मी एकदाचं म्हणून टाकलं, "काका, त्या शनिवारी मीटिंग होती. मी खोटं कळवलं तुम्हाला."

"माहीत होतं मला. बोटींच्या तारखांचा कागद माझ्याकडेही आहे." ते खोकले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ताई. नोकरीत माणूस असं करतो."

माझी समजूत घालायची म्हणून ते हे म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. पण इतक्या वर्षांत हेच वाक्य त्यांनी स्वतःला एकदाही ऐकवलं नसणार, हे मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग माणसं कौलं घेऊन आली आहेत, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दिव्याची जागा त्यांनी आता भाड्याने दिली आहे, असं काकींकडून कळलं. खोपटला ते परत आलेले नाहीत. मीही त्यांना 'या' म्हणालेले नाही.